चाकांवरचे घर आणि क्रौंचांचे तळे

सुटी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? गावाकडची ओसरी, मामाचा मळा, फार झाले तर पंढरपूर नाहीतर गाणगापूर. हात जरा सैल असला तर महाबळेश्वर. सुटी म्हणजे काम न करण्याचे दिवस, ही आपली साधी समजूत. आज मी तुम्हांला ज्या सुटीची हकीकत सांगणार आहे ती थोडी उफराटी आहे. या सुटीत माणसे पदरचे तेल जाळून हजार हजार मैल गाडी हाकतात, आणि मुक्कामी पोचल्यावर आठवड्याचे २४ ते ३२ तास गवत कापतात, पाखरे मोजतात, संडास धुतात. पगार म्हणाल तर छदाम नाही. मिळते ते एवढेच : आपली गाडी उभी करायला हक्काची जागा, आणि त्या जागेवर पाण्याचा नळ, विजेची जोडणी आणि सांडपाणी सोडायची नळी.

ही रीत अमेरिकेतली. तिकडच्या वन्यजीव आश्रयस्थानांत शेकडो जोडपी दर वर्षी असे दोन-तीन महिने काढतात. ज्या गाडीत ती राहतात तिला तिकडे आर. व्ही. म्हणतात. आपण तिला मोटारघर म्हणू या. कोणाचे मोटारघर बसगाडीसारखे स्वतःच चालते, कोणाचे मागून ओढायचे असते. मी पाहिले ते ओढायचे होते. तीसएक फूट लांबीची पेटी, पुढे जाडजूड टेंपोवजा गाडी. तळावर उभी केली की एक कळ दाबायची. घराची एक भिंत हळूहळू बाहेर सरकते आणि खोली दोन-तीन फूट रुंद होते. आत गॅसची शेगडी, शीतकपाट, पलंग, न्हाणीघर. पोटाखाली तीन टाक्या. एक चांगल्या पाण्याची, दुसरी आंघोळीच्या व भांडी धुतलेल्या पाण्याची, आणि तिसरी शौचकूपाची. या तिसरीला ती मंडळी काळी टाकी म्हणतात. तिच्याविषयी मला पुढे बोलायचे आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

मी तिथे कसा पोचलो? माझी मावसबहीण आणि दाजी पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी टेक्सास राज्यात गेले आणि तिथलेच झाले. ताई रुग्णालयात परिचारिका होती, दाजी इंजिनिअर. निवृत्त झाल्यावर दोघांनी घर विकले, मोटारघर घेतले आणि हिवाळाभर अशा आश्रयस्थानांत सेवेला जाऊ लागली. हे इकडे कळले तेव्हा मावशी, म्हणजे ताईची आई, जी रुसली ती वर्षभर फोनवर धड बोलली नाही. “एवढी शिकवली ती काय लोकांचे संडास धुवायला?” हा तिचा एकच प्रश्न. २०२३ च्या दिवाळीच्या सुटीत मी तिकडे निघालो तेव्हा मावशीने मला बजावले, “नीट बघून ये. पैशापायी करतेय का? खरं काय ते मला सांग.” म्हणजे मी पाहुणा होतो आणि थोडासा हेरही होतो.

शिक्षक बंधुभगिनींनी अमेरिकेचा नकाशा उघडला तर खाली नैर्ऋत्येस न्यू मेक्सिको हे राज्य सापडेल. त्याच्या मधोमध उत्तरेकडून दक्षिणेकडे रिओ ग्रांदे नदी उतरते. या नदीच्या काठी बोस्के देल अपाचे नावाचे आश्रयस्थान आहे. नाव स्पॅनिश, अर्थ ‘अपाचे लोकांचे रान’. ते तिथले मूळचे रहिवासी. नदीकाठच्या या झाडीत त्यांचे तळ पडत. १९३९ साली सरकारने ही जागा पाखरांसाठी राखली. क्षेत्र सुमारे ५७,००० एकर. दोन्ही बाजूंना उजाड, तपकिरी डोंगर, आणि मध्ये नदीबरोबर चाललेली कॉटनवुड झाडांची पिवळी रेघ. पूर्वेच्या डोंगरापलीकडे जे वाळवंट आहे तिथेच १६ जुलै १९४५ रोजी जगातला पहिला अणुबाँब उडवून पाहिला होता. दाजींनी हे मला गाडी चालवता चालवता सांगितले आणि लगेच पुढच्या गावात हिरव्या मिरच्या कुठे चांगल्या मिळतात ते सांगू लागले. या खोऱ्यात मिरचीचे पीक चांगले येते आणि माणसे ती आपल्यासारखीच भाजून खातात. ताईच्या मोटारघरात पहिल्या रात्री मला भाकरी नाही, पण ठेचा मिळाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता तिने मला उठवले. बाहेर पाणी गोठवणारी थंडी. अंगावर दाजींचा कोट, डोक्याला मफलर, अशा थाटात आम्ही तळ्याकाठी जाऊन उभे राहिलो. अंधारात नुसता गलका ऐकू येत होता, बाजाराच्या दिवशी लांबून ऐकू यावा तसा. उजाडू लागले तेव्हा दिसले की तळ्यावर पांढरी चादर पसरली आहे, आणि ती चादर म्हणजे हजारो स्नो गूज, पांढरे रानहंस. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातून आलेले. त्यांच्या अलीकडे उथळ पाण्यात करड्या रंगाचे सँडहिल क्रेन, म्हणजे एका जातीचे क्रौंच, गुडघाभर पाण्यात उभ्याने झोपलेले. पाण्यातच का? कारण रात्री कायोटी फिरतो. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोरला भाऊ म्हणा. तो पाण्यात शिरला की आवाज होतो आणि पाखरे सावध होतात.

सूर्याची कड दिसली मात्र, आणि ते सगळे रानहंस एकदम उठले. श्रोतेहो, त्या आवाजाला मला शब्द नाही. मळणी यंत्र कानाशी सुरू व्हावे, तसे काहीतरी. क्रौंचांची तऱ्हा निराळी. त्यांना घाई नाही. उडायचे मनात आले की क्रौंच मान लांब करून पुढे झुकतो आणि तसाच थांबतो. शेजारचा झुकतो, त्याच्या शेजारचा झुकतो. आईबाप आणि त्यांचे त्या वर्षीचे एखाददुसरे पिलू असे कुटुंब तयार झाले की चार पावले पळत जाऊन ते उचलते. पिलू पहिला हिवाळाभर आईबापांबरोबरच राहते. चार फूट उंचीचा पक्षी, पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत सहा फूट. घशातली नळी आत वेटोळे घातलेली असते, त्यामुळे त्यांची किर्रर् अशी हाक मैल-दोन मैल सहज जाते.

ताईच्या हातात वही होती. दहा-दहाचा एक गठ्ठा डोळ्यांनी बांधायचा आणि गठ्ठे मोजायचे. मीही मोजून पाहिले. तिचे आणि माझे आकडे जवळजवळ दुपटीने चुकले. ती म्हणाली, “तुझं चालू दे. पहिल्या आठवड्यात माझंही असंच व्हायचं.”

आता थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय ही फुकट कामाची परंपरा उमगत नाही. शंभरसव्वाशे वर्षांपूर्वी बायकांच्या टोप्यांना पाखरांची पिसे लावायची टूम निघाली होती आणि फ्लॉरिडा राज्यात बगळे, पाणकोळी यांची कत्तल चालली होती. तिथे पेलिकन आयलंड नावाचे काही एकरांचे एक चिमुकले बेट आहे. १४ मार्च १९०३ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते पाखरांसाठी राखून ठेवले. हुकूम निघाला, पण राखणदाराच्या पगाराची तरतूद कुठे होती? पॉल क्रोगेल नावाचा जर्मनीहून आलेला नावाडी, होड्या बांधणारा माणूस. तो आधीपासूनच बंदूक घेऊन त्या बेटाची राखण करीत असे. त्यालाच रखवालदार नेमले. पगार दरमहा एक डॉलर, आणि तोही पक्षिप्रेमी मंडळींनी दिलेला. म्हणजे पहिला राखणदार हा जवळजवळ स्वयंसेवकच होता. आज अशी आश्रयस्थाने ५६० च्या वर आहेत. १९३४ पासून पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांना एक खास तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी घेतल्या जातात. शिकाऱ्याच्या पैशाने पाखरांची जागा राखायची, हे ऐकून मला हसू आले होते. पण हिशेब पक्का आहे.

कामाचे सांगतो. तळावर दहा-बारा मोटारघरे होती. एका शेजारी जन्मभर लॉरी चालवून निवृत्त झालेला गृहस्थ, पलीकडे शाळेत गणित शिकवलेल्या एक बाई. सगळ्यांना एकसारखी टोपी, बिल्ला आणि बंडी. सोमवारी सकाळी कामे वाटली जात. कोणी येणाऱ्या पाहुण्यांना नकाशे द्यायचे, कोणी पाट्या रंगवायच्या, कोणी यंत्राने गवत कापायचे, कोणी बारा मैलांच्या फेरीच्या रस्त्यावरचे शौचकूप साफ करायचे. मी करारावर सही केलेली नव्हती, म्हणून यंत्राला मला हात लावू देत नव्हते.

दाजींकडे झाऊ तोडायचे काम होते. झाऊ आपल्याकडे नदीकाठी, खाडीकाठी असतो. तिकडे तो परका. एकोणिसाव्या शतकात नदीचे काठ धुपू नयेत म्हणून मुद्दाम आणून लावला, आणि त्याने काठच्या काठ गिळले. खाली क्षार साचतात, दुसरे काही उगवत नाही. तोडला तर बुडापासून पुन्हा फुटतो. मी दाजींना म्हटले, “ही तर आमची वेडी बाभूळ!” आपल्या गावाच्या गायरानात ती कशी आली, घाणेरी कशी पसरली, हे त्यांना ठाऊक होतेच. ते म्हणाले, “सोलापूर जिल्ह्यात जी तोडली नाही ती इथं तोडतोय, असं समज.”

तिसऱ्या दिवशी दाजींनी मला काळी टाकी रिकामी करायला बोलावले. मी जरा बिचकलोच. त्यांनी रबरी हातमोजे चढवले, जाड नळी एका टोकाला टाकीला आणि दुसऱ्या टोकाला जमिनीतल्या तोंडाला जोडली, आणि झडप ओढली. काळी टाकी आधी सोडायची, मग दुसरी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. पाच मिनिटांचे काम. तीस वर्षे मोठ्या हुद्द्यावर राहिलेला हा माणूस आकाशातल्या क्रौंचांकडे बघत, शीळ घालत ते करीत होता. लॉरीवाला करीत होता, गणिताच्या बाई करीत होत्या. दुसऱ्या कोणी येऊन ते करावे, असे त्या तळावर कोणाच्या मनातही नव्हते.

मला माझ्या आजोबांचा वाडा आठवला. तिथे हे काम करायला मागच्या दाराने कोणी येत असे. आम्हा पोरांना त्या दारी जायला बंदी होती. येणाऱ्याचे नावही मला कधी कळले नाही. आपल्या देशात हातांनी मैला काढायला लावणे हा गुन्हा ठरवणारा नवा कायदा २०१३ साली झाला, आणि अजून गटारांत उतरून माणसे मरतात. गाडगेबाबांचा खराटा आपण चौकाचौकात पुतळ्याच्या हातात दिला आहे. त्या दिवशी ताईबरोबर मी फेरीच्या रस्त्यावर गेलो आणि शौचकूपाची फरशी घासायला ब्रश हातात घेतला, तेव्हा पहिली गोष्ट मी काय केली असेल? मागे वळून पाहिले, कोणी बघत तर नाही ना! सात समुद्रांपलीकडे मला ओळखणारे कोण होते? ताईने ते पाहिले. ती काही बोलली नाही, फक्त बादली माझ्याकडे सरकवली.

आता पाण्याचे. शेतकरी श्रोत्यांना यातच जास्त रस वाटेल. तुम्ही म्हणाल, नदीकाठी तळे आहे, पाखरे येतात, त्यात माणसाचे काय काम? पण ते तळे नैसर्गिक राहिलेले नाही. पूर्वी कोलोरॅडो राज्यातल्या डोंगरांवरचे बर्फ वितळून वसंतात रिओ ग्रांदेला पूर येई आणि काठची सारी सखल जमीन आपोआप भरे. मग धरणे झाली, कालवे निघाले, शहरे वाढली. आता उन्हाळ्यात या भागात नदीचे पात्र कित्येकदा कोरडे पडते. २०२२ च्या जुलैत तर वर आल्बुकर्की शहराजवळही ती आटली. तिथे असे जवळजवळ चाळीस वर्षांत झाले नव्हते. तेव्हा जे पूर करी ते आता माणसे करतात. बांध घालून वाफ्यांसारखी खाचरे पाडली आहेत, आपल्या भाताच्या खाचरांसारखीच, पण कित्येक एकरांची. वसंतात-उन्हाळ्यात ती ओली करून वाळू द्यायची. म्हणजे त्यांत बियांचे गवत वाढते, आणि एक लव्हाळाही. हो, आपला लव्हाळाच, त्याचा सख्खा भाऊ. आपण ज्याच्या गाठींना शिव्या देत जन्म काढतो, त्या गाठी क्रौंच मोठ्या आवडीने उकरून खातात. हिवाळ्याच्या तोंडावर एकेका खाचरात झडप उघडून पाणी सोडायचे. किती? क्रौंचाचे गुडघे भिजतील इतकेच. जास्त झाले तर तो उभा राहू शकत नाही.

आणि मका. आश्रयस्थानाच्या शेतात मका पेरतात तो विकण्यासाठी नव्हे. उभ्या मक्यात क्रौंच सहसा शिरत नाही, म्हणून हिवाळाभर थोडा थोडा पट्टा आडवा करीत जायचे. एकदम सगळा पाडला तर महिन्यात संपेल आणि पाखरे शेजारच्या शेतकऱ्यांच्या शिवारात उतरतील. तिथला शेतकरीही आपल्यासारखाच. पाखरू डोळ्यांना कितीही गोजिरे असले तरी पेरलेल्यावर उतरले की तो गोफण शोधणार. तेव्हा शेजाऱ्याशी भांडण होऊ नये म्हणून पाखरांना घरीच जेवू घालायचे, असा हा कारभार आहे. १९४१ च्या हिवाळ्यात इथे अवघे सतरा क्रौंच मोजले गेले होते म्हणतात. आता हजारोंनी येतात. ताई-दाजी आधी टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या आरान्सास आश्रयस्थानातही राहून आली होती. तिथे हूपिंग क्रेन हे पांढरे क्रौंच येतात. १९४१ साली ते पंधरा-सोळाच उरले होते. त्या थव्याने आता पाचशेचा आकडा ओलांडला आहे.

एवढे सगळे गोड गोड सांगून मी थांबलो तर हेरगिरी अपुरी राहील.

पाचव्या दिवशी तळ्याच्या कडेला एक रानहंस दिसला. एक पंख लोंबत होता. सगळा थवा उठून गेला, हा पाण्यात गोल फिरत राहिला. ताई पस्तीस वर्षे परिचारिका. तिचे हात कसे शिवशिवत असतील ते मला दिसत होते. पण नियम असा की, हात लावायचा नाही. तिथली तरुण जीवशास्त्रज्ञ मुलगी म्हणाली, हे ठिकाण गरुडाचेही आहे आणि कायोटीचेही. ताईने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी हंस तिथेच होता, कडेच्या गवतात शिरलेला. तिसऱ्या दिवशी काठावर पिसे होती आणि वाळलेल्या कॉटनवुडवर एक पांढऱ्या डोक्याचा गरुड बसला होता. ताईने वहीत लिहिले, ‘गरुड, एक’. त्या दिवशी ती दुपारी जेवली नाही. नियम बरोबर असेलही. मला तो अजून पुरता पटलेला नाही. पण ज्या माणसाने तो पाळला तिच्याविषयी माझा आदर वाढला.

दुसरी गोष्ट याहून अवघड. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या आश्रयस्थानांतली पगारी माणसे कमी होत गेली आहेत. मग कामे कोण करते? ही पिकल्या केसांची मंडळी. मी लॉरीवाल्याला विचारले, “तुम्ही फुकट गवत कापता म्हणून एखाद्या पोराची नोकरी जात नाही का?” तो बराच वेळ टोपी खालीवर करीत राहिला. मग म्हणाला, “जात असेल. पण मी कापलं नाही तर ती परत येईल, असं मला कोणी लिहून दिलेलं नाही.” उत्तर प्रामाणिक होते, प्रश्न मात्र तसाच राहिला. आपल्याकडे श्रमदानाच्या नावाखाली शाळेच्या पोरांकडून पटांगण झाडून घेतात आणि शिपायाची जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवतात, हे शिक्षकांना मी सांगायला नको. शिवाय ही सेवा स्वस्त नाही. मोटारघर घ्यायला घर विकावे लागते, निवृत्तिवेतन लागते, धडधाकट शरीर लागते. दाजींच्या छातीत गेल्या वर्षी झडप बसवली आहे. सर्वांत जवळचे मोठे रुग्णालय दीडशे किलोमीटरवर. मुलगा दूर, मुलगी त्याहून दूर. रात्री वारा सुटला की ते घर पाळण्यासारखे हलते.

एका रात्री ते हलत असताना मी ताईला विचारलेच, “पैशाची अडचण आहे का?”

ती हसली. “आईनं विचारायला सांगितलं ना? अडचण नाही रे. घरात बसले होते तेव्हा रोज सकाळी उठून मी स्वतःचा रक्तदाब मोजायची. आता पाखरं मोजते.”

“आणि दाजींना काही झालं तर?”

“झालं तर झालं. ते घरातही होईलच.” थोड्या वेळाने अंधारातून तिचा आवाज आला, “भीती वाटते. नाही असं नाही.”

उन्हाळ्यात ती दोघे उत्तरेकडे जातात, दुसऱ्या एखाद्या आश्रयस्थानात.

परत आल्यावर मी मावशीकडे गेलो. शहाऐंशी वर्षांची म्हातारी, ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी काही लपवले नाही. संडासाचे सांगितले, मीही ब्रश धरला तेही सांगितले. हंसाचे सांगितले, झडपेचे सांगितले, पगार नाही आणि पैशाची तंगीही नाही हे सांगितले. ती शेंगा फोडत राहिली. मला वाटले, आता तो जुनाच प्रश्न येणार. मग तिने सूप बाजूला केले आणि विचारले,

“ते गुडघ्याइतकंच पाणी सोडायचं म्हणालास, ते कोण सोडतं? आमची सुमी सोडते?”

मी म्हटले, “सरकारी माणूस सोडतो. पण सकाळी जाऊन काठी बुडवून बघते ती ताईच.”

“बघू दे,” मावशी म्हणाली, आणि फोन लावून दे म्हणून माझ्यापुढे हात केला.